रिक्त स्थानांचा ताळेबंद

अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या राजाच्या आश्रयाने संशोधन करणाऱ्या जोसेफ लुई प्रूस्त या फ्रेंच रसायनज्ञाने असे प्रतिपादन केले की, संयुग खाणीतून निघालेले असो वा प्रयोगशाळेत सिद्ध केलेले असो, त्यातील घटकांचे वजनी प्रमाण ठरलेले असते आणि परिस्थितीच्या फेरफाराने त्यात तिळमात्र अंतर पडत नाही. नेपोलियनच्या इजिप्तवरील स्वारीत सामील झालेला त्याचा देशबंधू क्लोद लुई बेर्तोले याला हे मान्य नव्हते. धातूंची ऑक्साइडे घ्या, त्यांत ऑक्सिजनाचे प्रमाण कमीअधिक होऊ शकते, असे त्याचे म्हणणे होते. आणि उभयतांचा हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कित्येक वर्षे, परस्परांविषयीचा आदर यत्किंचितही न सोडता, चालू राहिला. निकाल प्रूस्तच्या बाजूने लागला. डाल्टनच्या परमाणुवादाला त्याच नियमाचा आधार मिळाला आणि आधुनिक रसायनशास्त्राची इमारत त्या पायावर उभी राहिली, हे सर्व खरे. परंतु त्या निकालाचा एक परिणाम असा झाला की, ज्या पदार्थाचे विश्लेषण पूर्णांकात बसत नसे तो पदार्थच अशुद्ध ठरवून टाकण्याचा शिरस्ता पुढे शंभरसव्वाशे वर्षे पडून गेला. स्फटिकातील उणीव ही करणाऱ्याच्या हाताची चूक मानली जाई. ती पदार्थाच्या स्वभावातच असू शकेल, असे म्हणण्याचे धाडस फारसे कोणी करीत नसे.

आज लिथियम-आयन बॅटरीच्या ॲनोडसाठी, म्हणजे जी बाजू भरणीच्या वेळी लिथियम आपल्या पोटात साठवून ठेवते त्या बाजूसाठी, जगभरच्या प्रयोगशाळांत धातूंची ऑक्साइडे तयार केली जातात आणि त्यांत बुद्धिपुरस्सर उणिवा निर्माण केल्या जातात. कोठे ऑक्सिजनाचा अणू काढून घेतात, कोठे धातूचा. कोठे एका धातूच्या जागी निराळ्या विद्युत्भाराचा दुसरा धातू बसवितात. या विद्येला ‘डिफेक्ट इंजिनिअरिंग’ असे नाव आहे. नाव नवे असले तरी विद्या नवी नाही, आणि तिचा पूर्वेतिहास ठाऊक नसल्यामुळे तिच्या आजच्या व्यवहारात जी ढिलाई शिरली आहे ती मला चिंताजनक वाटते. म्हणून तो इतिहास थोडा विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

त्याचा आरंभ लोखंडाच्या एका ऑक्साइडापासून करणे योग्य होईल. जर्मन धातुशास्त्रज्ञ फ्रिट्झ व्यूस्ट याच्या सन्मानार्थ व्यूस्टाइट असे नाव मिळालेला हा काळा पदार्थ पाठ्यपुस्तकात एक अणू लोह व एक अणू ऑक्सिजन असा लिहिला जातो. परंतु सामान्य दाबाखाली तो तसा कधीच सिद्ध होत नाही. ऑक्सिजनाचे शंभर अणू मोजले तर लोहाचे साधारणतः पंचाण्णवच भरतात. आता या तफावतीचा अर्थ दोन प्रकारे लागतो. स्फटिकात ऑक्सिजनाचे काही जादा अणू फटींत घुसलेले असतील, किंवा लोहाच्या काही जागा रिकाम्या असतील. रासायनिक विश्लेषण कितीही काटेकोर केले तरी या दोहोंतील खरे कोणते ते सांगू शकत नाही, कारण दोन्ही पक्षी गुणोत्तर तेच येते. 1933 साली जेटी आणि फूट या दोघा संशोधकांनी हा पेच ज्या रीतीने सोडविला ती रीत इतकी सरळ आहे की, तिचे कौतुक आजही करावेसे वाटते. त्यांनी क्ष-किरणांनी स्फटिकाच्या एकक घराचे माप घेतले आणि त्याच नमुन्याची घनताही स्वतंत्रपणे काढली. घराचे माप आणि घनता हाती आली की एका घरात किती वस्तुमान आहे हे कळते. ऑक्सिजन जादा घुसला असता तर घर जड भरले असते. ते हलके भरले, आणि ऑक्सिजनाचे प्रमाण जसजसे वाढत गेले तसतसे अधिकच हलके भरत गेले. म्हणजे लोहच गैरहजर होते. पुढे न्यूट्रॉनांच्या साहाय्याने असेही दिसून आले की, ही रिक्त स्थाने एकटीदुकटी न राहता पुंजक्यापुंजक्यांनी राहतात. बेर्तोलेचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, याची साक्ष अशी सव्वाशे वर्षांनी तराजूनेच दिली.

तोपर्यंत सिद्धान्ताची तयारी झालेली होती. 1926 साली लेनिनग्राडच्या याकोव्ह फ्रेंकेल याने असे दाखविले की, उष्णतेच्या योगाने स्फटिकातील काही अणू आपली जागा सोडून फटीत जाऊन बसतात आणि मागे रिकामी जागा ठेवतात. 1930 साली जर्मनीत कार्ल वाग्नर आणि वाल्टर शॉट्की यांनी या विचाराला उष्मागतिकीची शिस्त लावली. त्यांच्या उपपत्तीचे तात्पर्य असे की, निरपेक्ष शून्याच्या वर कोणत्याही तापमानाला निर्दोष स्फटिक हा समतोल अवस्थेतील स्फटिक नसतोच; काही उणिवा असणे हेच त्याला ऊर्जेच्या हिशेबात किफायतशीर पडते. आणि या उणिवांवाचून घन पदार्थात हालचालही नाही. दाटीवाटीने बसलेल्या पंगतीत एक पाट रिकामा असेल तरच शेजारचा सरकतो, त्याच्या जागी त्याचा शेजारी सरकतो, आणि अशा रीतीने ती रिकामी जागा एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास करते; घन पदार्थातील अणूंचे स्थलांतर बहुशः याच मार्गाने घडते. तापलेल्या धातूवर ऑक्साइडाचा थर कसा वाढतो याची वाग्नरने 1933 साली दिलेली मीमांसा याच पायावर उभी आहे.

या ज्ञानाला हिशेबाची भाषा मिळाली ती हॉलंडमध्ये. आइंडहोव्हन येथील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेतील क्र्योगर आणि व्हिंक यांनी 1956 साली उणिवा लिहिण्याची एक पद्धती प्रसिद्ध केली, आणि तिचे तीन नियम एखाद्या चोख कारभाऱ्याच्या दप्तरात शोभावेत असे आहेत: वस्तुमान दोन्ही बाजूंना सारखे भरले पाहिजे, स्फटिकातील निरनिराळ्या जागांचे परस्पर प्रमाण ढळता कामा नये, आणि विद्युत्भाराची बाकी शून्य निघाली पाहिजे. टायटॅनियमच्या ऑक्साइडातून ऑक्सिजनाचा एक अणू वायुरूपाने निघून गेला तर तो जाताना दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवतो, ते टायटॅनियमच्या दोन अणूंच्या खाती जमा होतात, आणि चतुर्मूल्य असलेले ते अणू त्रिमूल्य होतात. जो कोणी रिक्त स्थाने निर्माण केल्याचे सांगतो त्याने हा ताळेबंद जुळवून दाखविला पाहिजे, हे तेव्हापासून ठरून गेलेले आहे.

आता बॅटरीकडे वळू. सामान्य समजूत अशी आहे की, लिथियम-आयन बॅटरीत आधी ग्रॅफाइटाचा ॲनोड आला आणि त्याला पर्याय म्हणून मागाहून ऑक्साइडांचा विचार सुरू झाला. वस्तुस्थिती उलट आहे. धातुरूप लिथियम टाळून दोन्ही बाजूंना लिथियम सामावून घेणारे पदार्थ वापरण्याची कल्पना 1980 साली रोमचे लाझारी आणि ब्रुनो स्क्रोसाटी यांनी प्रत्यक्षात आणून दाखविली, तेव्हा त्यांनी ऋण बाजूला टंगस्टनचे डायऑक्साइड घेतले होते. आणि 1987 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या ऑबर्न व बार्बेरिओ यांनी मॉलिब्डेनम व टंगस्टन यांची डायऑक्साइडे लिथियम कोबाल्ट ऑक्साइडाशी जोडून घट बनविले. परंतु 1991 साली सोनी कंपनीने ही बॅटरी बाजारात आणली ती कार्बनाच्या ॲनोडसह. कार्बन हलका, स्वस्त, आणि त्याची विद्युत्पातळी लिथियम धातूच्या अगदी निकटची, त्यामुळे घटाचा दाब मोठा मिळतो. या गुणांपुढे ऑक्साइडांचा टिकाव लागला नाही आणि पहिला अध्याय तेथे संपला.

दुसरा अध्याय जपानमध्येच सुरू झाला. फोटोफिल्मकरिता विख्यात असलेल्या फुजी कंपनीच्या इदोता प्रभृती संशोधकांनी 1997 साली कथिलाचे काचेसारखे अस्फटिकी ऑक्साइड पुढे आणले, आणि कार्बनापेक्षा निम्म्याहून अधिक जास्त लिथियम ते साठविते असे जाहीर केले. त्याच वर्षी कॅनडातील डलहौसी विद्यापीठाच्या कोर्टनी आणि डान यांनी चालू घटावर क्ष-किरण रोखून दाखविले की, पहिल्याच भरणीत हे ऑक्साइड मोडते, ऑक्सिजन लिथियमशी जखडला जातो, आणि पुढे जे साठवण करते ते मोकळे झालेले कथिल होय. जखडलेले लिथियम परत येत नाही; घटाच्या भांडवलातूनच ते कापले जाते. तीन वर्षांनी, 2000 साली, फ्रान्सच्या आम्येँ येथील प्वाझो, तारास्कों आणि त्यांचे सहकारी यांनी कोबाल्ट, निकेल, लोह इत्यादींची अतिसूक्ष्म कणांची ऑक्साइडे घेऊन असे दाखविले की, धातू सुटा होणे आणि पुन्हा ऑक्साइड होणे हा व्यवहार दोन्ही दिशांनी घडू शकतो, आणि दर ग्रॅमला सुमारे 700 मिलिअँपिअर-तास इतकी साठवण मिळते. ग्रॅफाइटाची सैद्धान्तिक मर्यादा 372 आहे हे लक्षात घेतले म्हणजे त्या निबंधाने केवढी खळबळ उडविली असेल याची कल्पना येईल. पुढील दोन दशकांत क्वचितच एखाद्या धातूचे ऑक्साइड या परीक्षेवाचून राहिले असेल. परंतु पहिल्या फेरीतील तोटा, भरणी आणि निचरा यांच्या दाबांतील मोठे अंतर, आणि कणांचे फुगून फुटणे, ही तिन्ही दुखणी तशीच राहिली. आणि त्यांवर उपाय शोधताना संशोधकांचे हात पुन्हा एकदा स्फटिकातील उणिवांकडे वळले.

या प्रयत्नांत सर्वांत शिस्तीने अभ्यासिला गेलेला पदार्थ म्हणजे टायटॅनियमचे ऑक्साइड. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील काळ्या वाळूत 1791 साली विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याला या धातूचा प्रथम सुगावा लागला. तशीच काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या काळबादेवी व मिऱ्या या किनाऱ्यांवर पसरलेली आहे. तिच्यातील इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियम यांचे मिश्र ऑक्साइड असून पांढऱ्या रंगाच्या कारखान्यांना लागणारे टायटॅनियम डायऑक्साइड जगभर बव्हंशी त्याच खनिजापासून निघते. या पांढऱ्या भुकटीत लिथियम शिरते, स्फटिक न मोडता शिरते, आणि ज्या विद्युत्पातळीला शिरते ती धातुरूप लिथियमचा साका बसण्यापासून पुरेशी दूर असल्यामुळे घट जलद भरला तरी धोका उद्भवत नाही. लिथियम व टायटॅनियम यांचे संयुक्त ऑक्साइड तर या बाबतीत आदर्शच. 1995 साली ओसाकाच्या ओहझुकू यांनी दाखविले की, लिथियम आत-बाहेर होताना त्याचे आकारमान जवळजवळ बदलतच नाही. साठवण मात्र बेताची, ग्रॅमला 175. आणि दोष एकच पण मोठा, तो असा की हा पदार्थ विजेचा जवळजवळ रोधकच आहे.

या दोषावरील उपचार ज्याने एकदा पाहिला आहे तो तो विसरत नाही. चिनी मातीच्या लहानशा होडीत पांढरी शुभ्र भुकटी पसरून ती नळीच्या भट्टीत सारतात. नळीतून थोडा हायड्रोजन मिसळलेला आर्गॉन वायू सोडून काही शे अंशांपर्यंत तापवितात. आणि नळी थंड झाल्यावर होडी बाहेर ओढली की भुकटी निळसर, कधी गडद निळी-राखाडी झालेली असते. हायड्रोजनाने ऑक्सिजनाचे काही अणू पाण्याच्या वाफेच्या रूपाने उचलून नेलेले असतात, मागे राहिलेले इलेक्ट्रॉन टायटॅनियमच्या खाती पडलेले असतात, आणि त्यांच्याच हालचालीमुळे प्रकाशाचा तांबडा भाग शोषला जाऊन तो निळा रंग दिसतो. हेच इलेक्ट्रॉन वीज वाहून नेतात. तीच भुकटी उघड्या हवेत पुन्हा तापविली की ती परत पांढरी होते, म्हणजे नेलेला ऑक्सिजन वसूल करून घेते. 2011 साली बर्कले येथील चेन, माओ आदींनी वीस पट वायुदाबाच्या शुद्ध हायड्रोजनात सुमारे 200 अंशांवर पाच दिवस ठेवून टायटॅनियम डायऑक्साइड काळे करून दाखविले. त्यांचा हेतू सूर्यप्रकाश शोषून घेण्याचा होता, बॅटरीचा नव्हता. परंतु त्या काळ्या भुकटीची वार्ता पसरताच ॲनोडवर काम करणाऱ्या असंख्य मंडळींनी आपापली ऑक्साइडे हायड्रोजनाच्या भट्टीत घातली. ऑक्सिजनाप्रमाणेच धातूच्या रिक्त स्थानांचाही प्रयोग झाला; पॅरिस येथे फ्लोरिनचा शिरकाव करून अशी टायटॅनियम-न्यून भुकटी सिद्ध करण्यात आली की, तिच्यातील टायटॅनियमच्या दर शंभर जागांपैकी बावीस रिकाम्या होत्या आणि त्यांतून लिथियमला अधिक मोकळा मार्ग मिळाला.

येथे मला थोडे परखड लिहिणे प्राप्त आहे. गेल्या पंधरा वर्षांत ऑक्सिजनाच्या रिक्त स्थानांमुळे ॲनोड सुधारल्याचे सांगणारे निबंध अपरंपार निघाले. त्यांतील पुष्कळांचा पुरावा एवढाच असतो की, क्ष-किरणांनी पृष्ठभागावरून उखडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या आलेखात ऑक्सिजनाच्या मुख्य शिखराशेजारी, 531 ते 532 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, एक उपशिखर दिसले. नसलेला अणू आलेखात शिखर उमटवू शकत नाही, ही गोष्ट विचारान्ती कोणालाही पटण्यासारखी आहे. ते शिखर बहुतेक वेळा पृष्ठभागावर बसलेल्या हायड्रॉक्सिलाचे किंवा दमट हवेतून आलेल्या पाण्याचे असते. शिवाय ही रीत पृष्ठभागाचे काही नॅनोमीटर तेवढे पाहते. कणाच्या गाभ्यात काय आहे याचा दाखला ती देऊ शकत नाही. दुसरा आक्षेप याहून मूलगामी आहे. लोह वा कोबाल्ट यांचे ऑक्साइड पहिल्याच भरणीत समूळ मोडून धातूचे दोन-चार नॅनोमीटरचे कण आणि लिथियमचे ऑक्साइड यांत रूपांतर पावते. मूळ स्फटिकच जर उरत नाही, तर त्यातील रिक्त स्थाने शेकडो फेऱ्यांनंतर उपकार करीत राहतात असे म्हणणाऱ्यावर ती कोठे आणि कोणत्या रूपात राहिली हे सांगण्याचा भार पडतो. पहिल्या फेरीत ती मदत करीत असतील, मोडण्याची क्रिया सुलभ करीत असतील, हे मी नाकारीत नाही. पण संख्या कोठे आहे? जेटी आणि फूट यांच्याजवळ आजची एकही महागडी यंत्रसामग्री नव्हती, तरी त्यांनी रिक्त स्थानांचा आकडा दिला होता.

आणि आकड्याचे महत्त्व केवळ शिस्तीपुरते नाही. उणिवा वाढवीत गेले की एका मर्यादेनंतर त्या विखुरलेल्या राहत नाहीत. त्या ओळीने मांडल्या जातात आणि पदार्थच पालटतो. स्वीडनमध्ये उप्साला येथे गुन्नार हेग यांच्या हाताखाली तयार झालेले आर्ने मॅग्नेली यांनी 1940 नंतरच्या काळात मॉलिब्डेनम, टंगस्टन आणि पुढे टायटॅनियम यांची न्यून-ऑक्सिजन ऑक्साइडे अभ्यासून असे दाखविले की, त्यांत अनियमित रिक्त स्थाने नसून ठराविक अंतरावर स्फटिकाचे पापुद्रे एकमेकांवर सरकून बसलेले असतात आणि ऑक्सिजनाची उणीव त्या सरकण्यानेच भरून निघते. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे डेव्हिड वाड्स्ली यांनी हाच धागा नायोबियमच्या ऑक्साइडांत पुढे नेला. टायटॅनियम व नायोबियम यांच्या संयुक्त ऑक्साइडाची रचना त्यांनी 1961 साली उलगडली: अष्टफलकांचे तीन बाय तीनचे ठोकळे, त्यांच्या कडांवर ते सरकलेले सांधे, आणि ठोकळ्यांच्या मधून लिथियमसारख्या लहान आयनाला आरपार जाता येईल असे सरळ बोगदे. तीन धातू-अणूंमागे नऊ ऑक्सिजन असावयाचे तेथे येथे सातच आहेत. उणीव आहे, पण तिची जागा ठरलेली, संख्या ठरलेली. अमेरिकेच्या मानक संस्थेतील रॉबर्ट रॉथ यांच्यासह वाड्स्ली यांनी हे सारे कुटुंबच नोंदविले, आणि आज ते दोघांच्या नावाने ओळखले जाते.

वाड्स्ली 1969 साली निवर्तले. त्यांच्यासमोर बॅटरी नव्हती. स्फटिकाची रचना समजावी एवढाच त्यांचा हेतू होता. 1983 साली बेल प्रयोगशाळेच्या कावा, मर्फी व झाहुराक यांनी या कुटुंबात लिथियम शिरविले, 2011 साली टेक्सासमध्ये गुडइनफ यांच्या गटाने टायटॅनियम-नायोबियम ऑक्साइड ॲनोड म्हणून पुढे मांडले, आणि 2018 साली केंब्रिजच्या ग्रिफिथ व ग्रे यांनी याच जातीच्या एका नायोबियम-टंगस्टन ऑक्साइडात, कण सूक्ष्म न करताही, लिथियम किती वेगाने धावते ते मोजून दाखविले. जपानच्या तोशिबा कंपनीने ब्राझीलमधील नायोबियम उत्पादकांना बरोबर घेऊन या ऑक्साइडाचे घट सिद्ध केले. 2024 च्या जून महिन्यात ब्राझीलमधील आराशा या खाणीच्या गावी अशा घटांवर धावणारी नमुन्याची बस लोकांपुढे आली, आणि ती सुमारे दहा मिनिटांत भरता येते असे सांगण्यात आले. ऑक्साइड ॲनोडांच्या या दीर्घ इतिहासात रस्त्यापर्यंत पोहोचलेली उदाहरणे मोजकी आहेत, आणि त्यांतील हे ठळक उदाहरण ज्या उणिवेवर उभे आहे ती उणीव साठ वर्षांपूर्वी मोजून, जागेसह, कागदावर उतरलेली होती.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर आणि सी-मेट या संस्थांमध्ये ऑक्साइडांच्या ॲनोडवर काम झालेले आहे व चालू आहे, आणि त्या प्रयोगशाळांतून मराठी तरुण-तरुणी भट्ट्या पेटवीत आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच आहे की, भुकटी निळी झाली म्हणून थांबू नये. ऑक्सिजन परत घेताना तिचे वजन किती वाढते ते तराजूवर पाहावे, घनता काढावी, इलेक्ट्रॉनांच्या चुंबकीय अनुस्पंदनाने त्रिमूल्य टायटॅनियमची गणती करावी, आणि निदान दोन स्वतंत्र रीतींनी आलेला आकडा, जुळत असो वा नसो, निबंधाच्या पहिल्या पानावर छापावा.